लाल गाडीचा कंप्रेसर

—नाही नाही, बॉनेटला हात लावू नका, इंजिन चालू आहे, तापलंय. गाडी बघायची तर तिथून बघा, बघायला काही हरकत नाही. पण विकायची नाहीये. हो, जाहिरात आमचीच, नंबरही आमचाच. फोनवर तुमच्याशी बोलले ते आमचे हे — आणि त्यांनी 'या' म्हटलं म्हणून तुम्ही आलात, तुमचं काहीच चुकलेलं नाही भाऊ. पण किल्ली माझ्याकडे आहे, ही बघा, आणि मी नाही म्हणतेय. बसा त्या स्टुलावर. थांबा, ग्रीस लागलंय त्याला — हा घ्या फडका.

जाहिरातीत काय लिहिलंय? 'एसी बंद.' ते मागच्या आठवड्यापर्यंत खरं होतं. आता चालतो. कसा चालतो विचारा की! एवढ्या लांबून आलात तर ऐकून तरी जा. कंप्रेसर बसला होता या गाडीचा, पार बसला. कंपनीच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाला, "मॅडम, हे मॉडेल कधीच बंद झालं." मी म्हटलं, मॉडेल बंद झालं असेल, गाडी चालू आहे! मग निघाले जुन्या स्पेअर पार्टच्या गल्लीत — जुना कंप्रेसर पिशवीत घालून, धोंडा नुसता, खांद्यावर वळ उठले. आणि प्रत्येक दुकानात एकच — "साहेबांना पाठवा." अरे, साहेबांना कशाला? साहेबांना स्टेअरिंग तेवढं माहीत, बॉनेट कुठल्या बाजूने उघडतं ते मी दाखवते. शिवाय मी आयुष्यभर कापडाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेय. दुकानदार फळीकडे बघून नाही म्हणतो की गिऱ्हाइकाकडे बघून, हे मला बरोबर कळतं. माझ्याकडे बघून नाही म्हणाले की मी जागची हलायचे नाही. "फळीवर बघा आधी," मी म्हणायचे. बघायचे बिचारे.

शेवटी मिळाला कुठे, तर भंगारात. एका दुधाच्या व्हॅनमधला — हसू नका — अंग तंतोतंत हेच, फक्त पट्टा फिरतो ते पुढचं चाक वेगळं. ते आपल्या जुन्याचं काढून याला बसवलं. एवढी ऐटदार गाडी आणि पोटात दुधाच्या व्हॅनचा कंप्रेसर! यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. पाइप तर कुठेच मिळेना, तो खोदकामाच्या मशिनांचे पाइप बनवतात ना, तिथे बसून करून घेतला. मिस्त्रीने सगळं जोडलं, गॅस भरला, गार हवा आली — मी आनंदाने पेढे वाटायच्या बेतात — आणि दुसऱ्या दिवशी हवा गरम. गॅस उडाला सगळा. मिस्त्री म्हणाला, "काकू, सोडा आता, काचा खाली करून फिरा." काचा खाली करून! मी त्याला पुन्हा गॅस भरायला लावला, साबणाचा फेस केला, रंगाचा ब्रश घेतला आणि एकेका सांध्याला फासत बसले. एका ठिकाणी बुडबुडा आला. जुनी रबरी रिंग तशीच राहिली होती, अंगठीएवढी. ती बदलली. आता हात धरा त्या जाळीसमोर — धरा हो! आहे की नाही?

काचा खाली करून का नाही, असं म्हणताय? नाही चालत. यांना नाही चालत. नसांचा आजार आहे — थंडाव्यात बघाल तर वॉकर घेऊन घरभर फिरतील, माझ्या चहाला नावं ठेवतील. पण अंगात उष्णता चढली की पाय ऐकत नाहीत, जीभ जड होते. गार झालं की परत माणूस ठिकाणावर. हे आम्हाला तेव्हा कळलेलं नव्हतं. एसी नुकताच बिघडलेला, उन्हाळ्याची दुपार, रहदारी तुंबलेली, आणि हे चालवतायत. उतारावर म्हणाले, "पाय... पाय उचलत नाही गं." ब्रेकवर पायच जाईना. पुढे शाळेची भिंत. मी शेजारून हँडब्रेक ओढला, सगळं अंग टाकून ओढला. गाडी भिंतीला नुसती टेकली — तो पोचा दिसतोय ना दिव्याखाली, तो. मुद्दाम काढला नाही मी. लोक जमले, यांना दोघातिघांनी धरून बाहेर काढलं, आणि कुणीतरी म्हणालं, "प्यायलेत वाटतं."

बस. त्यानंतर हे या शेडमध्ये पाऊल टाकायला तयार नाहीत. मुलगी म्हणाली, "बाबा, टॅक्सी आहेत की, त्यात एसी असतो." त्यांनी मान हलवली आणि जाहिरात दिली. टॅक्सीतही बसत नाहीत, सांगून ठेवते. कुठेच जात नाहीत. खिडकीत बसतात आणि रस्त्यावरच्या गाड्यांची नावं सांगतात.

मी? मी चालवायला शिकले. या वयात. शिकवणाऱ्याला दोनदा घाम फोडला, पण शिकले. इतकी वर्षं या गाडीत मी शेजारी बसलेली — "क्लच जड आहे, तुला जमायचं नाही." परवाना आणून दाखवला तर म्हणाले, "फोटो बरा आलाय." दुसरा शब्द नाही! तर तुम्हाला वाटेल, बाई नवऱ्यासाठी केवढं करते. मुलीलाही तसंच वाटतं. करतेच. पण खरं सांगू का — त्या दिवशी हँडब्रेक ओढला, हे अर्धमेले झालेले, आणि तरी माझ्या मनात काय आलं असेल? आलं, की गाडीने माझं ऐकलं. पहिल्यांदा. असा विचार यावा का बायकोच्या मनात, तेव्हा? आला. येऊ दे. मला ही गाडी चालवायचीय, आणि यांना शेजारी बसवून चालवायचीय, आणि त्याची मला लाज नाही. जाऊ दे. हे कुणाला बोलले नव्हते मी. तुम्ही उठताय कशाला?

अगं बाई!

अहो, तुम्ही कशाला आलात खाली? पायऱ्या कशा उतरलात? — हो, हेच ते गाडी बघायला आलेले. मी सांगितलंय त्यांना, विकायची नाही. माझ्यावर डोळे वटारू नका, विकायची नाही म्हणजे नाही. चालू आहे तो, हो. त्याचाच आवाज. हात धरून बघा. — धरा ना. बोटं नाही, अख्खा तळवा.

...

तिकडे कुठे निघालात? ते दार माझं आहे आता. उघडू नका, मी बसणार आहे तिथे. — भाऊ, तुम्ही मध्ये पडू नका, धरू नका त्यांना, येतील ते वळून. दमाने घ्या हो, आम्हाला घाई नाही.

आले. थांबा, दार मी उघडते. आधी बसा, मग पाय आत घ्या — एक... हं, दुसरा. पट्टा लावा. लावा हो! क्लचबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

आणि तुम्ही भाऊ, तुम्ही आता जरा बाजूला व्हा. मला गाडी मागे घ्यायचीय, आणि आरशात नुसते तुम्हीच दिसताय.