बागेच्या जागी कडा

हॅलो?… हो आत्या, बोल ना. नाही, जेवले नाही अजून, नकाशासमोरच बसलेय.

तिने डबा बाजूला सरकवला आणि फोन खांद्याशी दाबून धरला. आत्याने आधी तब्येत विचारली, मग हवापाणी. तेवढ्यावरूनच तिला अंदाज आला. आत्याचा नवरा, म्हणजे काका, हेच या नकाशा कार्यालयातले साहेब, आणि आज सकाळीच तिने त्यांच्या नकाशाखाली आपलं नाव घालायला नकार दिला होता.

हो, नाही म्हणाले मी… अगं ऐक ना. त्यात नदीकाठच्या सगळ्या फळबागा लाल आल्यात. लाल म्हणजे शेतीला अयोग्य… हो, त्याच, जिथे वर्षानुवर्षं फळं निघतायत… अगं, जमिनीची उंची उपग्रहावरून मोजलेली. त्याला वरून झाडांचे शेंडे दिसले, त्याने तीच जमीन धरली. मग बाग संपते तिथे काय दिसणार? कडा, म्हणून सगळं लाल… नाही गं, कडाबिडा काही नाही, मी जाऊन आलेय. इतकं सपाट, की पाणी सांडलं तर कुठे वाहावं हे त्याला सुचायचं नाही.

आत्या हसली नाही. चुका कोणाकडूनही होतात, एवढंच म्हणाली.

चूक झाली त्याचं काही नाही गं, ती माझ्याकडूनही झाली असती. दुरुस्त नकाशा मी काकांना दिला. त्यांनी पाहिला. बरोबर आहे म्हणाले. आणि वर म्हणाले, राहू दे लालच, ती जमीन गोदामांना द्यायचं ठरलंय… हो, उद्या मंजुरी. मग बागा तोडणार… किळस येते मला, आत्या. दुसरा शब्द नाही.

आत्याने ही नोकरी कोणामुळे लागली याची आठवण करून दिली. मग एकेक शब्द जपून टाकत म्हणाली, की एवढी त्रुटी तर स्वीकारार्ह असते.

काय असते?… आत्या, हे तुझं बोलणं नाही. काका शेजारी बसलेत ना?… मग तुझ्या तोंडून कशाला? दे त्यांना.

पलीकडे कुजबुज झाली, खुर्ची सरकली. ती नकळत ताठ बसली.

हो, सर… ऐकतेय… नाही, घरचं मी मध्ये आणलं नाही. बायकोला फोन करायला तुम्ही बसवलंत.

साहेब आवाज न चढवता बोलत राहिले. नकाशा आहे तसाच जाईल, तिच्या नावावाचून जाईल, आणि उद्यापासून तिने यायची गरज नाही.

बरं… ठीक आहे, काढा माझं नाव. फक्त एक सांगा, त्या जागी कोणाचं घालताय?… 'कार्यालय' नको, सर. कार्यालय नकाशा काढत नाही, कोणीतरी माणूस काढतो… मग तुमचं घालताय का?… नाही, विचारतेय फक्त. तुमचं घालताय का, काका?… ऐकू येतंय ना माझं?

पलीकडून फोन ठेवला गेला.