पॅरिसच्या गाऊनची ओळ उसवल्याबाबत

दिनांक १४ डिसेंबर १९८३, सकाळी अकरा वाजता.

माझे नाव मार्तंड धोंडबा चरपे, वय २३, शिक्षण सातवी नापास, धंदा ठरलेला नाही, मूळ राहणार तालुका नरखेड, हल्ली नागपुरात मिळेल तिथे. ठाण्यात आपण होऊन येऊन सांगतो की,

इतवारीत आनंदरावांचा मणीकामाचा कारखाना आहे. तिथे मी चार महिने होतो. मग संत्र्याच्या तोडीवर गेलो, मधे एका ट्रकसोबत रायपूरपर्यंत गेलो, तिथे एक माणूस भेटला. पण जबानी लिहिणारे जमादारसाहेब ते लिहीत नाहीत म्हणून सोडतो. कारखान्यात शामला व रविंद्र हे कारागीर आहेत. शामलाशी माझे लग्न ठरल्यासारखे होते. तिच्या घरी विचारलेले नाही.

काल दुपारी तीनच्या सुमारास मी एसटीने येऊन कारखान्यात गेलो. शामलासाठी संत्री आणली होती. लाकडी चौकटीवर एका पारशी बाईंचा गाऊन ताणलेला होता. आपल्या बाया घरात घालतात तो नव्हे. तीस वर्षांपूर्वी पॅरिसात शिवलेला, पार्टीचा, गळ्यापासून पायापर्यंत काचेचे मणी. गळालेल्या ओळी नव्याने भरायच्या होत्या. शामला एका बाजूला, रविंद्र समोर. दोघे एकाच वाटीतून मणी घेत होते.

रविंद्र म्हणाला, "बाई नेवाच्या आधी एकदा आंगाले लावून पाह्य वं."

ती हसून म्हणाली, "चौकटीसंगच लावू काय गा?"

मग मला पाहून म्हणाली, "संत्रे तिकडे ठेव, कापडाले डाग पडन."

थोड्या वेळाने दोघे चहाला गेले. मला कोणी चल म्हटले नाही.

हे काम आकडीच्या सुईने साखळीटाका घालून होते. शेवटची गाठ तुटली आणि दोरा ओढला, की अख्खी ओळ धावत सुटते. हे मला शामलानेच शिकवले. मी रविंद्रच्या बाजूची गाठ तोडून दोरा ओढला. बोटभर उसवावे, त्याला बोलणी बसावीत, एवढाच विचार होता. ओळ कमरेपासून खालपर्यंत गेली. मणी फरशीवर पसरले. मी समोरच्या पानठेल्यावर जाऊन उभा राहिलो.

दुपारी उजेड सरकला की चौकट फिरवतात. मला हे माहीत होते, पण ध्यानात राहिले नाही. मी येण्याआधीच ती फिरवली होती, म्हणून रविंद्रच्या बाजूला आलेली ती ओळ शामलाची होती. सहा दिवसांचे काम.

आनंदरावांनी गाठ कोणाची म्हणून विचारले तेव्हा मी परत दारात आलो होतो. शामला काही बोलायच्या आत रविंद्र म्हणाला, "माही होती. कच्ची राह्यली असन." शामलाने त्याच्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

मुद्दाम नुकसान केल्याची तक्रार गाऊनच्या बाईंनी दिल्यावरून रविंद्रला इथे आणून बसवले आहे. आज सकाळी शामला त्याच्यासाठी डबा घेऊन आली. मी फाटकापाशी होतो.

तरी गाठ कच्ची नव्हती. पक्की होती, ती मी दातांनी तोडली. रविंद्रने काही केलेले नाही. शामलाचीही चूक नव्हती, म्हणजे तिला वाचवण्यासारखेही त्याने काही केलेले नाही. तसे तिला ठाण्यातर्फे कळवावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. शेवटचे वाक्य जमादारसाहेब खोडत होते, ते राहू द्या असे मी सांगितले.

सही: मार्तंड धोंडबा चरपे