माटोळीतलं वायफाय

...आणि तुम्हाला सांगतो, तो वायरमन हात झटकून मोकळा! म्हणे, राउटर उंच लावा, घराच्या मधोमध. आता मुळगावच्या सगुणच्या घरात उंच आणि मधोमध काय? माटोळीची चौकट! चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळं-भाज्या बांधतात ती हो. एरवी रिकामीच... सगुणने दिला राउटर तिच्यावर बांधून!

कंप्युटर तीन. मुलगा गौरेश घरातून ऑफिस चालवणार, मुलगी सिद्धी नोकऱ्या शोधणार, सगुण स्वतः भजनं बघणार. आणि कनेक्शन? एकच! तरी चाललं होतं बरं.

मग आली चवथ. सगुणच्या बायकोने, शालिनीने, माटोळी बांधली... नारळांचे घोस, सुपारीचे घड, निरफणस, तवशी, दुधी! त्या हिरव्या रानात राउटर गडप, आतल्या खोल्यांत नेट बंद. मोबाईलवर घ्या म्हणाल, तर मुळगावात रेंज कुठे मिळते, डोंगरावर? आणि दुसऱ्याच दिवशी सिद्धीची मुलाखत, बंगळुरूची कंपनी, पोरगी वर्षभर डोळे लावून बसलेली! सगुणने शिडी आणली. शालिनी सावंतवाडीकडची, आवाजही न चढवता म्हणाली, "विसर्जनाआधी माटोळीक हात लावूचो नाय." झालं! शिडी परत गोठ्यात.

नेट येणार फक्त माटोळीखाली. म्हणून सिद्धी बसली कुठे? गणपतीच्या शेजारी, पाटावर, मांडीवर लॅपटॉप! गौरेशला सगुणने म्हटलं, बंद कर बाबा तुझं, कनेक्शन एकच. सगुण दाराआड उभा, पोरीचं कसं होणार... आणि मुलाखत रंगात आली तेवढ्यात दारात कोण? वाड्यावरची, शेजारपाजारची आरतीवाली मंडळी, घुमट-शामेळ हे ढोल घेऊन! चवथीला आरती परत पाठवतात का कोण? घुमट घुमायला लागलं, स्क्रीनवरच्या साहेबाचे नुसते ओठ हलताना दिसतात. सगुणने डोळेच मिटले.

सिद्धी मात्र शांत. जराही न गडबडता म्हणाली, "सर, आमच्याकडे आरती चालू आहे. संपेपर्यंत थांबावं लागेल."

थांबले हो ते! आणि संपल्यावर म्हणे, एवढ्या गोंधळात डोकं शांत ठेवणारं माणूस आम्हाला हवंच होतं. सगुणला रडू आलं, खरंच आलं. पोरगी आता बंगळुरूला जाणार म्हणून रडला, आणि निदान एक कंप्युटर कमी होणार म्हणून डोळे पुसले. कनेक्शन एकच ना!

विसर्जन झालं, कंपनीचं पत्र आलं. नोकरी पक्की, पगार चांगला, बंगळुरूला जायची गरजच नाही... सगळं काम घरी बसून, कॅमेरा दिवसभर चालू.