पडद्यामागची अकरा नावे

नाव: विनता हेमचंद्र सुभेदार. वय: ६३ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त शिक्षिका. राहणार: मदन महल, जबलपूर. दिनांक १३ नोव्हेंबर २०२२, रविवार, सकाळी १० वाजून ४० मिनिटे.

मी आज स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, श्रीमती इंदू पुंडलिक खवसे, वय ५९, राहणार मदन महल, या शुक्रवार दिनांक ११ च्या सकाळपासून बेपत्ता आहेत. त्या विधवा आहेत, मूलबाळ नाही. मी त्यांची नातेवाईक नाही. आमची ओळख बावीस वर्षांची. जबाब लिहून घेणारे हवालदार गणपत धोटे मूळचे पांढुर्ण्याचे, घरी मराठी बोलणारे, असल्याने मी मराठीत सांगत आहे.

मदन महल स्टेशनच्या रस्त्याला चुंगी नाक्याची, म्हणजे जकात नाक्याची, जुनी खोली आहे. चुंगी बंद झाल्यापासून ती रिकामी होती. जून २०२० मध्ये वॉर्ड कार्यालयाने ती आम्हाला अन्नपेढीसाठी दिली. वीज दिली, झाकणाची सहा पत्र्याची पिंपे दिली, आणि मंडईत उरलेली भाजी आणण्यासाठी एक हातगाडी दिली. ती हातगाडी कचऱ्याची नव्हती, नवी होती, हे मी मुद्दाम लिहून घ्यायला सांगितले. लोकांनी निवडलेल्या कारभाराने भुकेल्याच्या पाठीशी कसे उभे राहावे, यावर मी सिव्हिल लाइन्समधल्या एका सभेत पाऊण तास बोलले होते. त्यानंतर हे सर्व मिळाले. हवालदार म्हणाले, "ताई, भाषण राहू द्या. काय झालं ते सांगा."

पेढी दर शनिवारी चार ते सहा उघडी असते. तिची रीत इंदूताईंनी घालून दिली. पेढीत सामील असलेल्या घरांत स्वयंपाकाआधी रोज एक मूठ धान्य बाजूला काढतात आणि शनिवारी पिशवीत घालून आणतात. खोलीत मधोमध जाड पडदा आहे. त्याच्यामागे एका वेळी एकानेच जायचे. भरलेली पिशवी घेऊन यायचे आणि भरलेली पिशवी घेऊनच बाहेर पडायचे. ज्याला द्यायचे आहे तो धान्य पिंपात ओततो आणि तिथली रद्दी पिशवीत कोंबून निघतो. ज्याला न्यायचे आहे तो रद्दी कोंबून आणतो आणि धान्य घेऊन निघतो. दारात बसलेल्याला फुगलेली पिशवी दिसते, तिच्या आत काय ते दिसत नाही. त्यामुळे कोण देतो आणि कोण नेतो, हे या सप्टेंबरपर्यंत आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. दारात इंदूताई बसत. किल्ली त्यांच्याकडे असे.

सप्टेंबरमध्ये वॉर्ड कार्यालयातून पत्र आले. खोलीची मुदत वाढवून हवी असल्यास लाभार्थींची यादी द्यावी, असे त्यात होते. मी तिथल्या अधिकाऱ्यांना भेटले. ते वाईट बोलले नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मैडम, सूची के बिना मैं ऊपर क्या दिखाऊँ?" मी परत येऊन इंदूताईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "बाई, धान्य किती आलं, किती गेलं, ते द्या ना लिहून. माणसं काहून लिहून द्याची? नाव लिवलं का माणूस उपाशी राहीन, पण येणार नाही."

मी त्यांना उत्तर दिले. ते मला शब्दशः आठवते, कारण तेच मी अनेक ठिकाणी बोलले आहे. भूक ही लाजेची गोष्ट नाही. ज्या शहरात माणूस उपाशी झोपतो त्या शहराला लाज वाटावी. घेणारा भिकारी नसतो, नागरिक असतो, आणि नागरिकाला नाव असते. इंदूताई सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही बोलता तवा खरंच वाटते जी." तो मी होकार समजले.

पडदा असल्याने नावे कळण्याचा एकच मार्ग होता. खोलीला मागच्या बाजूने जाळीची खिडकी आहे. २४ सप्टेंबरपासून चार शनिवार मी त्या खिडकीबाहेर उभी राहिले. हे मी कोणाला सांगितले नाही. पहिल्या तीन शनिवारी मला दहा नावे मिळाली. त्यांतले दोघे विजय नगरला नोकरीला जाणारे आहेत. नावे मी इथे सांगणार नाही. हवालदारांनी विचारले, तरी सांगणार नाही.

चौथ्या शनिवारी, १५ ऑक्टोबरला, सहा वाजता सगळे गेल्यावर इंदूताई दार लोटून पडद्यामागे आल्या. त्यांनी पदराची गाठ सोडून त्यातले मूठभर तांदूळ पिंपात टाकले. मग पिशवीतली रद्दी काढली, नीट घडी करून गठ्ठ्यावर ठेवली, आणि गहू भरले. दोन मापे. तुरीची डाळ एक माप. तिसऱ्या मापाला हात घातला होता, तो परत काढला.

इथे मला पाणी देण्यात आले.

त्या आमच्याकडे जेवायला येत. मी दर वेळी विचारत असे, अजून वाढू का. त्या दर वेळी नको म्हणत.

सोमवारी १७ तारखेला मी यादी दिली. अकरावे नाव इंदूताईंचे होते. ते गाळावे असे मनात आले होते. पण मैत्रीण म्हणून त्यांना वगळले तर इतर दहांचा अपमान होईल, असा मी विचार केला. तो विचार मला तेव्हा फार उंच वाटला. त्यांनी आधी मूठ टाकली होती हे यादीत आले नाही. कार्यालयाच्या नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता, आणि मी तो मागितला नाही. कार्यालयाने फोटो मागितला तेव्हा दसऱ्याला पेढीत काढलेला सर्वांचा एकत्र फोटो, कोण कुठे उभे आहे ते लिहून, मी मोबाइलवरून पाठवला. नावे आणि फोटो कशासाठी वापरणार हे मी विचारले नाही.

गुरुवारी १० नोव्हेंबरला सकाळी नाक्याच्या भिंतीवर फ्लेक्स लागला. दहा फूट रुंद असावा. वर हिंदीत 'अन्न सहायता के हितग्राही' असे लिहिलेले, म्हणजे लाभार्थी. खाली दसऱ्याच्या फोटोतून कापून घेतलेले अकरा चेहरे आणि प्रत्येकाखाली नाव. इंदूताईंचा चेहरा मधोमध होता. फोटोत त्या हसत होत्या, कारण त्या दिवशी सर्वांना सोने त्याच वाटत होत्या.

त्या दिवशी मी घरी होते. फ्लेक्स मी पाहिला नव्हता. पुढचे मला पिठाच्या चक्कीचे भाऊराव यांनी काल सांगितले. गुरुवारी दुपारी बाराच्या सुमारास इंदूताई गव्हाचा डबा घेऊन चक्कीवर आल्या. चार-पाच बाया रांगेत होत्या. भाऊराव म्हणाले, "इंदूताई, एवढा मोठा फोटो! इलेक्शनले उभ्या राहून राहिल्या का? आमचं मत पक्कं तुमाले." सगळ्या हसल्या. इंदूताईही हसल्या, आणि त्यांनी विचारले, कोणता फोटो. एकीने नाक्याकडे बोट दाखवले. त्या जाऊन पाहून आल्या. डबा रांगेतून उचलला, गहू न दळताच घरी गेल्या. भाऊराव मला तीनदा म्हणाले, "म्या तं गंमत केली, बाई." मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी फ्लेक्सवर जे होते तेच वाचले. ते मी लिहून दिलेले होते.

काल शनिवारी चार वाजता मी पेढीवर गेले तेव्हा दाराला कुलूप होते. फ्लेक्स मी तेव्हा पाहिला. साडेचारपर्यंत उभी राहिले. यादीतल्या अकरांपैकी कोणीही आले नाही. देणारेही आले नाहीत, कारण आता जो पडद्यामागे जाईल तो नेणाराच समजला जाणार होता. इंदूताईंच्या शेजारच्या शकु यांनी सांगितले की शुक्रवारी सकाळी साडेसहाला त्या घराला कुलूप लावून एक पिशवी घेऊन गेल्या. कुठे ते सांगितले नाही. पेढीची किल्ली शकु यांच्याकडे देऊन, "बाईंना द्या," एवढेच म्हणाल्या. न दळलेला गव्हाचा डबाही शकु यांच्याकडे ठेवला होता. तो पेढीत परत टाकायला सांगितला होता.

मी परत नाक्यावर गेले. भाजीवाल्याकडून विळा घेतला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. फ्लेक्सचे तुकडे केले. अकराही चेहरे आधी कापले. हा सरकारी मालमत्तेचा नाश ठरत असेल तर तसा गुन्हा माझ्यावर नोंदवावा. हवालदार म्हणाले की ते आजच्या कामात येत नाही.

कार्यालयासाठी मी आज पत्र लिहिले आहे, उद्या सोमवारी देणार आहे. त्यात लिहिले आहे की खोली द्या, दिवा द्या, पिंपे द्या, धान्याचे वजन दर महिन्याला येऊन तपासा, आणि दारातूनच परत जा. माणसांची नावे मागू नका, कोणी दिली तरी घेऊ नका. हे वाक्य हवालदारांनी भाषण म्हणून गाळू नये, अशी विनंती केली. त्यांनी गाळले नाही.

त्यांची उंची सुमारे पाच फूट. रंग सावळा. अंगात बहुधा हिरवे काठ असलेले करडे लुगडे. मोबाइल नाही. त्या जिवाचे बरेवाईट करतील का, असे मला विचारण्यात आले. मला माहीत नाही. बावीस वर्षांत मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या.

पुरवणी, दुपारी १ वाजून २५ मिनिटे: वरचा मजकूर लिहून होईपर्यंत ठाण्यात फोन आला. हवालदार आत जाऊन वीस मिनिटांनी परत आले. इंदूताई जिवंत आहेत आणि सुखरूप आहेत. बाहेरगावच्या एका ठाण्यात त्यांनी स्वतः हजर होऊन सांगितले आहे की, मी राजीखुशीने घर सोडले, मला कोणी शोधू नये. मी कुठे ते विचारले. हवालदार म्हणाले की सज्ञान माणसाने नको म्हटले तर पत्ता देता येत नाही. मी म्हटले, कोणालाच द्यायचा नाही असे असेल तर माझे काही म्हणणे नाही.

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. ते म्हणाले, "ताई, कोणालाच असं नाही. भावाले द्या म्हणाल्या, शकुबाईले द्या म्हणाल्या. देऊ नका असं एकच नाव लिहून दिलं त्यांनी."

ते नाव मी वाचून दाखवायला सांगितले नाही. माझी हरवल्याची तक्रार मी मागे घेते.

हा जबाब हवालदार धोटे यांनी मला मराठीत अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. मी सांगितले तेच आणि तेवढेच त्यात आहे, त्यात काही कमी करायचे नाही. म्हणून खाली सही करते.

विनता हेमचंद्र सुभेदार