ठण् वाजणारं लाकूड

...आणि वर मलाच म्हणतात, "एवढं काय झालं किंचाळायला?" एवढं काय झालं! अहो, बाबा दवाखान्यातून घरी यायचे होते, छाती अजून मोकळी नाही, एक वाक्य बोलले की धाप लागते, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलेलं, "घर उबदार हवं. आणि धूर? धुराचा वाससुद्धा नको!" अशा वेळी मी किंचाळू नको तर काय गाणं म्हणू? बरं, मागितलं काय होतं मी? वाळलेलं लाकूड. वाळलेलं, कठीण लाकूड हो! दुसरं काही मागितलं का मी?

आता डॉक्टरांनी हे मलाच का सांगावं? तिथेच पलीकडे दादा उभा होता की, माझा थोरला भाऊ, चांगला दाराएवढा! पण नाही. माझा चेहरा पाहून लोकांना वाटतं, ही घाबरलीये म्हणजे नीट ऐकतेय. तुम्हाला सांगते, मी घाबरले की मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. "धूर नको" एवढंच डोक्यात शिरलं, आणि ते असं बसलं की जेवताना धूर, झोपेत धूर, साधी चहाची वाफ दिसली तरी मी धावत जाऊन खिडकी उघडणार!

आमचं घर तापतं ते बैठकीतल्या लोखंडी शेगडीवर. तिचं लाकूड दरवर्षी बाबा आणायचे. काय बघून आणायचे, कसं निवडायचे, कुणी कधी विचारलंच नाही. घर गरम असलं की का गरम आहे असं कोण विचारतं, सांगा? आणि यंदा थंडी तोंडावर आली, बाबा दवाखान्यात, मागच्या वर्षीचं लाकूड संपलेलं. दादाला म्हटलं तर तो म्हणतो, "लाकूड म्हणजे लाकूड! तू सरपण निवडतेयस की नवरा?" मी म्हटलं, "दादा, नवरा चुकला तर मी एकटी रडेन. लाकूड चुकलं तर घरभर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी!"

म्हणून मग मी वाचलं. कॉलेजात शिकलेल्या माणसाला दुसरं येतं काय? मिळेल ते वाचलं. मऊ लाकूड भुर्रकन जळून जातं आणि वर चट् चट् ठिणग्या उडवतं... म्हणजे मी संपलेच, मला तर भांड्याचं झाकण पडलं तरी दचकायला होतं! कठीण लाकूड सावकाश, गुपचूप जळतं. पण ते ओलं असलं तर आपलंच पाणी आटवत बसतं आणि ऊब राहते बाजूला, नुसता धूर. आणि वाळलेलं ओळखायचं कसं? टोकांना भेगा हव्यात, साल सुटत आलेली हवी, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की आवाज यायला हवा ठण्! ओलं असलं की येतो ठब्ब. झालं, वाळलेलं लाकूड! दुसरं काही मागितलं का मी?

गेले वखारीत. वखारवाला दारातच: "या ताई, या! एकदम ताजं लाकूड आलंय. सकाळीच फोडलं!" म्हटलं, "अहो, ताजं काय करू? भाजी करायचीये का त्याची?" तर म्हणतो, "वास तर घ्या!" मी दोन तुकडे उचलून आपटले. ठब्ब. दुसरे आपटले. ठब्ब. आणि दर वेळी मीच दचकते! तो म्हणाला, "ताई, वाजवताय तुम्ही, घाबरताय पण तुम्हीच?" आता काय सांगू त्याला! एक तुकडा फोडून घेतला आणि आतली बाजू गालाला लावली, ओल असली की गार लागते म्हणून. मागे रांगेतली माणसं बघतायत, मी डोळे मिटून लाकडाला गाल लावून उभी... वखारवाला म्हणतो, "लाड घरी नेऊन करा हो, मागे लोक खोळंबलेत."

शेवटी पार मागच्या छपराखाली एक ढीग दिसला. करड्या रंगाचा, भेगाळलेला. "ते होय? ते केव्हाचं पडलंय, कुणी विचारत नाही त्याला." मी आपटलं. ठण्! अहो, देवळातली घंटासुद्धा इतकी गोड वाजत नसेल. दचकले, पण आनंदानं दचकले! सगळाच्या सगळा ढीग उचलला.

घरी मागच्या ओसरीत विटांवर रचला, वारा खेळेल असा. रचताना एक एवढासा कोळी बाहीवर चढला आणि मी... बरं, किंचाळले. आत्या धावत आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, खास त्यांची शुश्रूषा करायला आलेली. स्वच्छता इतकी, की साबणसुद्धा आधी धुऊन मग वापरते. मी तिला म्हटलं, "आत्या, या लाकडांची नीट काळजी घे गं. बाबांच्या छातीचा प्रश्न आहे." हे माझे शब्द. माझेच. "काळजी घे!"

सकाळी दादा आणि मी बाबांना आणायला गेलो. गाडीत बाबा धापा टाकत म्हणाले, "लाकूड... वाळलेलं... घेतलंस ना?" म्हटलं, "बाबा, ठण् वाजतं!" आणि बाबा हसले हो. इतक्या दिवसांनी हसले. मला वाटलं, जिंकलं!

घरी आलो. मी ओसरीत धावले. ओसरी रिकामी! नुसत्या विटा! मी किंचाळले, "चोरी! चोरी!" बाबांनी घाबरून दाराची चौकट धरली. आणि आतून आत्या आली, बाह्या वर, हाताला फेस. "चोरी कसली गं? टबात आहेत. तुम्ही गेल्यापासून भिजत घातलेत."

"भि... भिजत?"

"मग! काय ती धूळ, काय ते कोळी! माझा भाऊ आजारातून उठून येणार आणि त्याच्या उशाशी जंतू जाळायचे? पाण्यात जंतुनाशक घातलंय. एकेक ब्रशनं घासलाय. बघ तरी कसे चकचकतायत!"

बघितलं. टबात ओंडके म्हशींसारखे डुंबत होते. दोन उचलून आपटले. ठब्ब. आणि फेस माझ्याच तोंडावर!

बोलणार होते, खूप बोलणार होते. पण आत्याचे हात पाहिले. कुसळं घुसून लालभडक झालेले. हातातले ओंडके हळूच परत टबात सोडले. आणि तेवढ्यात गार खोलीत बाबांना खोकला लागला... तो थांबेचना. बाबा वाकलेत, आत्या पाठ चोळतेय, मी नुसती उभी, हातातून फेस गळतोय, आणि मनात एकच, आता यांना काही झालं तर? वाळलेलं लाकूड हो... दुसरं काही मागितलं का मी?

खोकला थांबला. दादा काडी ओढून म्हणतो, "एक लावून तर बघू!" मी फुंकरीनं काडीच विझवली. म्हटलं, वखारीत जा आणि वाळलेलं आण. वाळलेलं! तो गेला. मी केस वाळवायच्या यंत्रानं एकेक ओंडका वाळवत बसले, स्वतःच्या केसांना कधी एवढा वेळ दिला नाही. दादा आला, छाती पुढे काढून: "घे! एकदम ताजं! सकाळीच फोडलंय!"

शेवटी स्वयंपाकघर गाठलं. एवढीशी खोली. गॅसवर पाण्याचं पातेलं ठेवलं, दार लावलं, घरातली सगळी पांघरुणं बाबांवर, एका बाजूला दादा, एका बाजूला आत्या, पायाशी मी. हळूहळू बाबांचे पाय गरम लागायला लागले. श्वास शांत झाला. बाबांनी बैठकीतल्या थंडगार शेगडीच्या दिशेनं मान वळवली आणि म्हणाले, "खरं सांगू? असं लाकूड या घरात कधी आलं नव्हतं. धूर म्हणून नाही!"

आत्याचे डोळे भरून आले. मला म्हणाली, "ऐकलंस? जा आता, टबातले ओंडके उलटे करून ये. दुसरी बाजू राहिलीये."

आणि तुम्हाला सांगते... गेले मी.