शिक्का मारणाऱ्या साहेबांना

नोंदणीवाले साहेब, तुमचा शिक्का म्हणजे घराची खात्री असं लोक समजतात, आणि तुम्ही खुशाल समजू देता. काल तुमच्याच रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिचा थोरला भाऊ होते.

"चिमे, एकदा सरकारी शिक्का बसला की घर आपलं."

"मग विकणाऱ्याच्या भावाची सही का नाही, दादा?"

"तो परदेशात असतो म्हणे. सरकार बघेलच ना ते."

"माझं स्थळही तू असंच बघितलं होतंस."

"तो विषय इथे कशाला?"

"दोन पोरींना घेऊन राहतं घर विकून आलेय मी. उद्या तो भाऊ दारात उभा राहिला तर जाऊ कुठे?"

"अगं, एवढी माणसं रांगेत उभी आहेत, ती काय खुळी?"

"तीही एकमेकांकडे बघूनच उभी असतील."

खिडकीत तिचा नंबर आला, तसा तुमचा कारकून म्हणाला,

"बाई, अंगठा ठेवा."

"ठेवते. विकणाऱ्याच्या भावाचा हिस्सा तुम्ही तपासलात ना?"

"आम्ही फक्त कागद नोंदवतो. घर कोणाचं ते तुमचं तुम्ही बघायचं. ठेवा लवकर, मागे रांग आहे."

तिने हात मागे घेतला.

"मग हे बाहेर दारावर का लिहिलं नाही? साहेबांना बोलवा. उत्तर मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."