काळ्या दोऱ्याची ओळ

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या सोसायटीचे चेअरमन माननीय सुंदरराव आण्णा. आपल्या शब्दाला मान देऊन केजहून एसटीनं उभ्यानं प्रवास करून आलेले कृषी सहायक धर्मराज साहेब. आपल्या महिला बियाणे सहकारी संस्थेच्या मावळत्या अध्यक्षा, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझ्या चुलत जाऊबाई सौ. गीताबाई राधाकिशन, समोर बसलेल्या माझ्या सासवांनो, सुनांनो, लेकींनो, आणि मागं खांबाला टेकून चहाची वाट बघणाऱ्या पुरुष मंडळींनो, आपणा सर्वांना उपाध्यक्षा वच्छलाबाईचा नमस्कार.

उपाध्यक्षा. हा शब्द मी जरा दमानं उच्चारला, तो मुद्दामच. संस्था निघाली तेव्हा लेकीच्या कडेवर असलेली पोरं आता बापाचा ट्रॅक्टर चालवायला लागली, पण हिच्या नावापुढचं ‘अध्यक्षा’ काही सुटलं नाही आणि माझ्या नावापुढं नंतर लागलेलं ‘उप’ काही गेलं नाही. सूत्रसंचालक आप्पाराव भाऊंनी मघाशी सांगितलं की वच्छलाबाई आता गीताबाईंबद्दल दोन गोड शब्द बोलतील. आप्पाराव भाऊ, मिरची लावणाऱ्या बाईकडून गोडाची अपेक्षा कशाला ठेवता?

आता ही शाल बघा. अंगावर काय शोभतेय! ही शाल मीच वडवणीच्या बाजारातून आणली. दुकानात मनात आलं, साधीच घ्यावी, लातूरला लेकीकडं जाऊन राहणाऱ्या बाईला कशाला हवी भारीतली? मग वाटलं, लोक म्हणतील वच्छला जळाली. म्हणून भारीतली घेतली. आणि आता ती तिच्या खांद्यावर बघून जळतेच आहे. म्हणजे साधी घेतली असती तरी चाललं असतं.

हसू नका. खरंच जळते मी हिच्यावर. आमचं बांधाला बांध शेत. हिच्या शेतात शेंदरी मिरची, माझ्या शेतात चटकी. दोन्ही बियाणी आमच्या आजेसासूंच्या हातची. शेंदरी लांब, सुरकुतलेली, रंगाला कुंकवासारखी आणि जिभेला मवाळ. चटकी आखूड, बुडाला जाड आणि तिखट अशी, की कांडताना शेजारचं घर शिंकायला लागतं. आता मला सांगा, आमटीचा येसूर, म्हणजे मसाला, करताना दोन्ही लागतात की नाही? शेंदरी नुसती घातली तर आमटी दिसते छान आणि लागते पुळचट. पण पाहुणे ताटावर बसले की म्हणतात काय? “वा, रंग काय आलाय!” रंग हिचा. नाकाडोळ्यातून पाणी काढते ती माझी, तिचं नाव कुणी घेत नाही. बाजारातसुद्धा ‘गीताबाईची शेंदरी’ म्हणून मागतात. ‘वच्छलाबाईची चटकी’ म्हणून मागितलेली कुणी ऐकली आहे का? बंकटराव, तुम्ही तरी हात वर करा. घरधन्यानंही हात वर केला नाही, लिहून घ्या.

तर मंडळी, माझं एक येणं आहे हिच्याकडं. पैशाचं नव्हे. एका शब्दाचं. तो शब्द वसूल झाल्याशिवाय हिला लातूरच्या गाडीत बसू द्यायचं नाही, असं मी ठरवून ठेवलं होतं. कोणता शब्द, ते सांगते.

टँकरचं साल आठवतं ना? तरण्या पोरींना आठवणार नाही. आडाचं पाणी तळाला गेलं, मग तळही गेला. जनावरं छावणीत, गडीमाणसं जनावरांपाशी, गावात आम्ही बायका आणि रिकामे हंडे. शेतात मिरची लावायचं नावच नको. पण एक साल बियाणं धरलं नाही तर पुढच्या साली पेरायचं काय? मिरचीचं बी घरात ठेवून ठेवून उगवायचं सोडतं. तेव्हा संस्थेच्या बैठकीत ठरलं की टँकर जिथं विहिरीत रिकामा होतो, तिथं आपल्या शेडच्या अंगणात सांडपाणी मुरतं, तिथंच शेंदरी आणि चटकी दोन्ही लावायच्या. बियाण्यापुरत्या. बाकीच्या बायांनी आपापल्या दारात डब्यांतून, मोरीच्या पाण्यावर दोन-चार रोपं जगवायची.

म्हणजे जिचा बांध मला सोसत नव्हता, तिची मिरची माझ्या मिरचीच्या मांडीला मांडी लावून बसली.

तेव्हा हे धर्मराज साहेब नवे होते, मिशासुद्धा काळ्या होत्या. त्यांनी सांगितलं, “ताई, मिरचीचं फूल आपलं आपण फळतं, पण मधमाशीला रोखणारं कोण? एरवी ती रानभर हिंडते. आता कोसभर कुठं फूल नाही, ती तुमच्याच अंगणात येणार. शेंदरीचा पराग चटकीला, चटकीचा शेंदरीला. आणि या वर्षी तुम्हाला काही कळायचंही नाही. मिरची दिसेल तशीच. घोटाळा आतल्या बियांत असतो, तो पुढच्या वर्षी उगवून वर येतो.” मग त्यांनी उपाय दिला. बियाण्यासाठी राखायच्या फांद्यांवर कळी असतानाच पातळ कापडाची पिशवी बांधायची. सकाळी बोटानं हलकी टिचकी मारायची. आत फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याचीच मिरची बियाण्याला, बाकीची ठेच्याला.

उपाय सोपा. पण आम्हा दोघींच्या हातात पडला! मी जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर काय, हिच्या पिशव्या मलमलच्या, नातवाच्या झबल्यांच्या, आणि पिशवीला नाडी. नाडी! मिरचीच्या पिशवीला! माझ्या जिवाची तगमग झाली. मी घरी गेले आणि ट्रंकेतला ह्यांचा नवा, तलम पटका काढून कात्री चालवली. पुढं भाचीच्या लग्नाला हे छावणीतून आले, पटका शोध शोध शोधला आणि शेवटी अंगणात येऊन उभे राहिले. “माजा पटका मिरचीच्या डोस्क्यावर कावून गं?” मी म्हणाले, “तुमच्यापरीस तिला शोभतोय.” बिचारे टॉवेल बांधून लग्नाला गेले.

ते जाऊ द्या. एका दुपारी वावटळ आली. मी अंगणात एकटीच होते. माझ्या पिशव्यांना सुतळीच्या निरगाठी, त्या हलल्या नाहीत. हिच्या नाड्या! दिसायला देखण्या आणि गाठीला ढिल्या. कडेच्या झाडांवरच्या पिशव्या सुटून विहिरीकडं गेल्या. मी गोळा करून येईपर्यंत शेंदरीच्या उघड्या फुलांवर मधमाश्या बसल्या होत्या, आणि त्या कुठून उठून आल्या होत्या तेही मला दिसत होतं. माझ्या चटकीच्या बिनपिशवीच्या फांद्यांवरून.

आता तुम्ही म्हणाल, वच्छलाबाई, तुम्हाला तर आनंद झाला असेल. नाही हो. मला शेंदरीला हरवायचं होतं, पण ते खऱ्या शेंदरीला. भेसळीच्या शेंदरीला हरवून काय मिरवायचं? म्हणून मी खाली बसले आणि मधमाशी शिवलेली फुलं एकेक करून खुडायला लागले. निम्मी खुडून झाली, आणि मागून माझं मनगट धरलं गेलं.

“अगं जळके! माज्या शेंदरीवर उठलीस व्हय? दुष्काळात फुलं खुडतीस? हात कसे झडले न्हाईत तुजे!”

मी म्हणाले, “जाऊबाई, माशी बसलीया त्यांच्यावर. बी बिघडंल.”

“माशी न्हाई, तूच बसलीस! समद्या गावाला ठावं हाय तुजं पोट कशानं दुकतंय ते!”

टँकरच्या रांगेतल्या सगळ्या बाया हंडे टाकून गोळा झाल्या. एकीनंही माझी बाजू घेतली नाही. छबुबाई, मान खाली घालू नका, तुम्हीही तिथंच होतात. आणि कुणी घ्यावी तरी कशी? मी जळते हे तर खरंच होतं. जळणाऱ्या बाईनं एखादं काम चांगल्या मनानं केलं, तर ते पटवायचं कसं? त्या दिवशी मी घरी जाऊन लई रडले. पाणी जपून वापरायचे दिवस होते, तरी रडले.

आणि हिनं काय केलं? माझ्या तावडीतून सुटलेल्या फुलांना फळ धरलं, तेव्हा त्या देठांना साधा पांढरा दोरा बांधला नाही. काळा बांधला. लेकराच्या पायात बांधतो तसा, माझी नजर लागू नये म्हणून! अंगणात येता-जाता ते काळे दोरे मला दिसायचे. एका बाईनं दुसरीला याहून मोठी शिवी काय द्यावी?

पुढच्या साली देवानं डोळे उघडले, पाऊस झाला, रोपं लागली. तेव्हा सगळ्यांच्या रानात घोटाळा वर आला. ह्या छबुबाई आणि बायनाबाई, दोघींची माया तर गावाला ठाऊक. एकीची शेंदरी, दुसरीची चटकी, तरी एका सावलीला डबे ठेवले, एकमेकींच्या रोपांना पाणी घातलं, कळीवर पिशवी बांधायची आठवण कुणाला? त्यांच्या मिरचीला ना रंग उरला ना तिखटपणा. ज्यांचं ज्यांचं शेजारणीशी गूळपीठ होतं, त्या सगळ्यांचं बियाणं गेलं. टिकलं ते आम्हा दोघींचं, कारण आम्हाला एकमेकींचा वारासुद्धा चालत नव्हता. आज तालुक्यात शेंदरी आणि चटकी शुद्ध मिळतात, ती संस्थेची पुण्याई म्हणून अध्यक्षांनी मघाशी सांगितलं. आण्णा, संस्थेची असेल, पण निम्मी आमच्या भांडणाची आहे.

फक्त हिच्या रानातली एक ओळ वेगळी निघाली. पाटाच्या कडेची, पहिली. वच्छलाच्या हातून वाचवलेलं बी म्हणून हिनं ते काळ्या दोऱ्याचं बी मानानं पहिल्या ओळीला लावलं होतं. मी बांधावरून बघत होते. त्या ओळीतली मिरची आखूड आली, बुडाला जाड आली. हिनं एक तोडली, दातांखाली धरली. डोळ्यांतून धारा लागल्या. माझी चटकी होती ती, हिच्या शेंदरीच्या पोटात शिरलेली. हिला त्या घडीला सगळं कळलं. हिनं माझ्याकडं बघितलं, मी हिच्याकडं बघितलं. मी पदर सावरून उभी राहिले, म्हटलं आता येतो तो शब्द. ‘चुकलं’. एवढाच.

ही म्हणाली, “लई तिखट हाय गं.” आणि ती ओळ उपटायला लागली.

पुढच्या बैठकीत हिनं उठून उपाध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलं. टाळ्या पडल्या. सगळ्या म्हणाल्या, मन किती मोठं! मला तेव्हाच कळलं होतं की शब्दाच्या जागी खुर्ची दिलीय. पण खुर्ची काय करायची? ज्या बायांसमोर मनगट धरलं, त्यांच्यासमोर मला तो शब्द पाहिजे होता. वर्षं गेली. संक्रांतीला वाण दिलं-घेतलं, हिच्या लेकीच्या लग्नात मी पोळ्या लाटल्या, माझ्या बाळंतिणीला हिनं डिंकाचे लाडू पाठवले. शब्द काही आला नाही. म्हणून मी ठरवलं होतं, आज माईक माझ्या हातात आहे, आज मागायचाच.

पण मंडळी, हिनं इथंही माझा डाव मोडला.

आज सकाळी मी अंगण झाडत होते, तर ही दारात. गुडघ्यामुळं काठी टेकत आलेली. कडेवर गाडगं. गाडग्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं. मी ओळखलं, शेंदरीचं बी, राखेत ठेवलेलं. हिचं रान आता दुसऱ्याला बटईनं कसायला गेलंय, तिथं पुढं सोयाबीन येणार. मला वाटत होतं, गाडगं हिच्या सुनेकडं जाईल, नाहीतर लेकीकडं. आणि खरं सांगते, ते कुणाकडंही गेलं असतं तरी मला सहन झालं नसतं.

तिनं गाडगं माझ्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, “वच्छला, माशी बसलेलं फूल तुज्याबिगर कुणालाच वळखू यायचं न्हाई. मला त्या टायमाला न्हाई आलं. तू खुडत व्हतीस ते बराबर व्हतं. मी मनगट सोडायला पायजे व्हतं.”

छबुबाई, बायनाबाई, टँकरच्या रांगेत होतात तेवढ्या सगळ्या, ऐकलंत ना? तिनं ते माझ्या एकटीच्या ओट्यावर म्हटलं, म्हणून मी ते इथं, तुमच्यासमोर, माईकवर सांगतेय. माझं येणं फिटलं. जाऊबाई, मान खाली घालू नका. शाल घसरतेय, भारीतली आहे.

आणि तरीही राग आहेच. ते गाडगं मला हिसकावून घ्यायचं होतं, हिनं देऊन टाकलं. तो शब्द मला वसूल करायचा होता, हिनं आपण होऊन आणून दिला. जिंकायचीसुद्धा सोय ठेवली नाही या बाईनं. आता माझ्याच रानात एका कडेला शेंदरी, दुसऱ्या कडेला चटकी. सकाळी शेंदरीच्या बाजूनं चटकीवर डोळा ठेवायचा, दुपारी चटकीच्या बाजूनं शेंदरीवर. आजवर मी एका बाजूनं जळत होते, आता दोन्ही बाजूंनी मला एकटीलाच जळायचंय. तेवढं जमलं तर बियाणं टिकेल.

असो. चहा निवतोय असा आप्पाराव भाऊंचा हात सांगतोय. अध्यक्ष महोदयांचे, उभ्यानं आलेल्या आणि बहुतेक उभ्यानंच जाणार असलेल्या धर्मराज साहेबांचे, मंडप देणाऱ्यांचे, सतरंज्या अंथरणाऱ्या पोरींचे आणि पटक्याच्या मालकांचे मी संस्थेच्या वतीनं आभार मानते. बोलताना काही कमी-जास्त गेलं असेल, कुणाला तिखट लागलं असेल, तर आत्ताच, सगळ्यांसमोर माफी मागते. गाडगं घेऊन दारात यायची वाट मी बघत नाही.

आणि जाऊबाई, लातूरला सुखानं जा. त्या नाडीच्या पिशव्या तेवढ्या मागं ठेवून जा. गाठ मी मारीन.